डोक्यावरचं टिन

३० मे २०२४ ला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं नागपूरचं तापमान ५६ अंश दाखवलं. संध्याकाळपर्यंत तो आकडा घराघरातल्या फोनवर पोचला होता. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता, शहराचं खरं तापमान त्याहून दहाएक अंशांनी कमी होतं. लोकांनी पुढचे दोन दिवस त्यावर विनोद केले. मी केले नाहीत. त्या दुपारी मी मनीषनगरातल्या माझ्या शेडमध्ये एका जुन्या सागवानी खुर्चीचा पाय बसवत होतो, आणि तिथं बसून ५६ हा आकडा मला अजिबात चुकीचा वाटला नव्हता.

शेड म्हणजे काय, तर घरामागच्या मोकळ्या जागेत दहा बाय पंधरा फुटांची खोली. साडेचार इंची विटांच्या भिंती, वर निळं टिन. घराला चिकटलेली नाही, मधे तुळस आणि धुणं वाळत घालायची तार. निवृत्तीनंतर सुतारकी करायची म्हणून बांधली. मनीषनगर, सोमलवाडा, बेसा रोड या भागात ज्यांचे प्लॉट अजून बिल्डरकडे गेलेले नाहीत त्यांच्या मागच्या अंगणात असं एखादं शेड हमखास सापडतं. कुठे शिलाई मशीन, कुठे डब्यांचा व्यवसाय, कुठे दहावीच्या शिकवण्या, कुठे नुसतीच स्कूटर आणि अडगळ. बांधताना सगळे एकच विचार करतात: स्लॅबचा खर्च कशाला, टिन टाकू. आणि पहिला मार्च सरला की सगळे एकाच दुकानात जातात, कूलर घ्यायला.

मीही गेलो. नागपूरकराला कूलरबद्दल शंका घ्यायला शिकवलेलंच नसतं. उन्हाळ्याच्या तोंडी सायकलवर खसाच्या आणि वुडवूलच्या ताट्या बांधून फिरणारा माणूस, नव्या ताटीचा तो ओला वास, टिल्लू पंपाची घरघर, रात्री बारा वाजता टाकीतलं पाणी संपलं म्हणून कुणाला तरी उठवणं, हे सगळं आमच्या बालपणात मुरलेलं आहे. मोठा कूलर आणला, शेडच्या खिडकीत बसवला, दुपारी दोनला सुरू केला. पोटाला गार वारा लागत होता आणि टाळू भाजत होती. एकाच माणसाला एकाच वेळी.

ओळखीचे सुतार मिस्त्री रंधा मागायला आले होते. वर पाहिलं, हात उंच करून टिनाखाली नुसता धरला आणि म्हणाले, "भाऊ, कूलर काहून घेतला तुम्ही? हे वरचं झाका नं आधी. तुम्ही खाली पाणी शिंपून राह्यले अन् आग वर लागली हाये."

हेच ते. या लेखात मला सांगायचं आहे ते मिस्त्रींनी त्या एका वाक्यात सांगून टाकलं. बाकीचं मला नंतर कागदावर मांडून पटलं.

मांडणी साधी आहे. दीडशे चौरस फूट म्हणजे साधारण १४ चौरस मीटर. नागपुरात मे महिन्यात भर दुपारी दर चौरस मीटरवर साडेनऊशे वॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे माझ्या छतावर १३ किलोवॅट. गडद रंगाचं टिन त्यातलं बहुतेक पिऊन टाकतं आणि पासष्ट अंशांपर्यंत सहज तापतं. मग ते टिन स्वतःच शेगडी होतं. गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलेलं असतं, पण इथे प्रश्न हवेचा नसतो. तापलेलं टिन न दिसणाऱ्या किरणांनी थेट खालच्या माणसावर, टेबलावर, फरशीवर उष्णता फेकतं. हवेला मधे घेतही नाही. पासष्ट अंशांचं उघडं टिन खाली प्रत्येक चौरस मीटरला दोनशे वॅटच्या वर देतं. अख्ख्या छताचे मिळून अडीच ते तीन किलोवॅट झाले. बाजारात ज्याला एक टनाचा एसी म्हणतात तो साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे टिन उघडं ठेवून एसी बसवला तर तो जवळजवळ पूर्ण वेळ नुसत्या छताशी झुंजत बसणार, आणि त्या झुंजीचं बिल मी भरणार.

आता त्याच टिनाखाली दोन इंच जाडीचं थर्माकोल लावलं तर? थर्माकोलमधून उष्णता विटेच्या जवळजवळ वीसपट सावकाश जाते, कारण त्यात बहुतेक नुसती कोंडलेली हवाच असते. हिशेब केला तर तीन किलोवॅटचे अडीचशे वॅट उरतात. वरून टिनाला पांढरा रंग दिला तर टिन मुळात तापतंच कमी आणि आकडा शंभर वॅटच्या आत येतो, एका जुन्या पिवळ्या बल्बाइतका. मी तो हिशेब तीनदा केला. दर वेळी हाच आकडा आला आणि दर वेळी कूलरच्या पावतीकडे नजर गेली.

हे सगळं कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं. मनीषनगरपासून सोनेगावचं विमानतळ आणि तिथली वेधशाळा फार लांब नाही. जगभरच्या वेधशाळांत तापमापक ज्या पांढऱ्या पेटीत ठेवतात तिला स्टीव्हन्सन स्क्रीन म्हणतात. थॉमस स्टीव्हन्सन हा स्कॉटलंडचा दीपगृहं बांधणारा इंजिनिअर, 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता की उन्हाचा मार चुकवून हवेचं खरं तापमान कसं मोजायचं. त्यांचं उत्तर: लाकडी पेटी, बाहेरून पांढरी, चारही बाजूंना तिरप्या पट्ट्यांच्या झडपा म्हणजे वारा खेळेल पण ऊन शिरणार नाही, छत दुहेरी आणि दोन छतांमधे हवा, जमिनीपासून उंच, आणि दार उत्तरेला. आपल्या मे महिन्यासाठी शेड बांधायची याहून चांगली कृती मला कुठे सापडली नाही. फरक इतकाच की वेधशाळेत ही चैन तापमापकाला मिळते आणि मनीषनगरात माणूस उघड्या टिनाखाली बसतो.

इंग्रजांनी स्वतःसाठी मात्र दुसरी वाट काढली होती. वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर भिश्त्याकडून पाणी मारून घ्यायचे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी 'थर्मँटिडोट' नावाचं एक अवजड यंत्र काढलं: मोठी पेटी, आत हातानं फिरवायचा पंखा, बाजूंना ओला वाळा. पंखा फिरवायला अर्थात इथलाच माणूस. तो पंखा विजेवर फिरू लागला की झाला आपला कूलर. आणि त्यानंही भागेना तेव्हा मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीला जायचं. आजचं सरकार अधिक व्यवहारी आहे, ते नागपुरात येतं तेच हिवाळी अधिवेशनाला.

ज्यांना पचमढी परवडत नव्हती त्यांनी घरंच वेगळी बांधली. मनीषनगरच्या कडेनं जाणारा वर्धा रोड धरून सरळ गेलं की पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम लागतं. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले तेव्हाची ती कुटी अजून उभी आहे. मातीच्या जाड भिंती, बांबू, कवेलूंचं छप्पर, खाली उतरलेली पडवी. मे महिन्यात दुपारी आत जाऊन बसा. गार नसतं, पण भाजतही नाही. कवेलूंच्या थरांत फटी असतात, फटींतून हवा फिरते, आणि पडवीमुळे भिंतीला ऊन लागतच नाही. वर्ध्याजवळच्या दत्तपूरच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसनं पुढे मातीच्या पोकळ, शंकूच्या आकाराच्या कवेलूंच्या कमानी करून छतं बांधली. त्यातही तीच युक्ती, कोंडलेली हवा. आमच्या आजोळी तुराट्यांचा कूड शेणामातीनं लिंपलेला असायचा आणि गोठ्यावर तणस रचलेली. तणस गुरांसाठी ठेवली आहे असं मला लहानपणी वाटे. गोठ्यात दुपारी आम्ही मुलं का झोपायचो ते आता कळलं.

तर त्या उन्हाळ्यानंतरच्या हिवाळ्यात मी आणि मिस्त्री कामाला लागलो. हिवाळ्यात, कारण एप्रिलमध्ये टिनावर चढणं म्हणजे तव्यावर चढणं.

सगळ्यात स्वस्त उपाय आधी केला आणि तो फसला. टिनाच्या फूटभर वर बांबू उभे करून हिरवं शेडनेट ताणलं, म्हणजे छताला दुसरं छत. कल्पना एकदम बरोबर होती, स्टीव्हन्सन साहेबांनी पाठ थोपटली असती. पण मार्चअखेरच्या पहिल्याच वादळानं ते जाळं तारांसकट उचललं आणि पलीकडच्या गल्लीत एका आंब्यावर नेऊन टाकलं. शेजाऱ्यांनी ते परत आणून दिलं, न हसता, म्हणजे त्यांना बरंच हसू येत असावं. आता शेडनेट फक्त पश्चिमेच्या भिंतीसमोर आहे, दोन फूट अंतर सोडून, आणि त्यावर मधुमालती चढवली आहे. पश्चिमेची भिंत ही नागपुरात छताची धाकटी बहीण. दुपारी तीन ते सहा ती जे ऊन खाते ते रात्री नऊपर्यंत आत ओकत राहते.

मग टिनाला पांढरा रंग. इथे एक गैरसमज नोंदवतो. स्लॅबवर चुना आणि फेव्हिकॉल मारतात ते ठीक आहे, चांगलंच आहे. अहमदाबादेत २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर उष्णतेचा कृती आराखडा झाला आणि त्यातून पुढे गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याची मोहीम निघाली. पण टिनावर चुना टिकत नाही, आणि ओला चुना जस्ताच्या थराला खातो. टिनाला बाहेरच्या कामाचा पांढरा ॲक्रिलिक रंगच हवा, आधी टिन घासून, धुऊन, प्रायमर मारून. आणि दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा, कारण नागपूरची धूळ पांढऱ्याला फार काळ पांढरं राहू देत नाही.

आतलं काम खरं. टिनाखालच्या लोखंडी अँगलना लागून आधी चमकणारी ॲल्युमिनियमची फॉइल शीट. ही लावताना बहुतेक लोक एक चूक करतात, मीही करणार होतो: फॉइल टिनाला सरळ चिकटवून टाकतात. चमकणारा पृष्ठभाग किरणं अडवतो तो त्याच्यासमोर रिकामी हवा असेल तरच. टिनाला चिकटला की तो नुसता धातूचा आणखी एक पापुद्रा, उष्णता त्यातून आरपार जाते. म्हणून टिन आणि फॉइलमधे दोन इंच पोकळी सोडली, आणि ती पोकळी दोन्ही टोकांना जाळी लावून उघडी ठेवली, म्हणजे तापलेली हवा कडांकडून बाहेर पडेल. फॉइलच्या खाली थर्माकोल, दोन इंच. त्याच्या खाली जिप्सम बोर्डाची फॉल्स सीलिंग.

हे शेवटचं बोर्ड शोभेसाठी नाही. थर्माकोल भराभर पेटतं, वितळून थेंब थेंब खाली पडतं आणि काळा विषारी धूर करतं. सुताराच्या शेडमध्ये भुसा असतो, थिनर असतो, कधी ग्राइंडरच्या ठिणग्या असतात. उघडं थर्माकोल छताला चिकटवून त्याखाली मुलांच्या शिकवण्या घेणारी शेडं मी याच भागात पाहिली आहेत. देशाचं राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्याच नागपुरात आहे. त्याची तरी लाज राखावी. थर्माकोल घेताना आग सहज न धरणारी प्रत मागून घ्यावी आणि तरीही ते झाकावं. ज्यांना जास्त खर्च झेपतो त्यांनी रॉकवूल घ्यावं, ते पेटत नाही, पण हातमोजे आणि तोंडाला फडकं हवं. आणि ज्यांच्या शेडवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत त्यांनी त्यांना ड्रिल मारू नये, घासू नये. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसातून परत निघत नाही. तिथे खाली स्वतंत्र चौकट उभी करून तिला छत लटकवायचं.

कडांना बारीक जाळी ठोकली. मुंग्या आणि उंदीर या दोघांना थर्माकोल फार आवडतं. मिस्त्री म्हणाले, "त्यायलेबी उन्हाळा हायेच नं भाऊ."

इतकं झाल्यावर कूलर पुन्हा चालू केला आणि मग कळलं कूलर म्हणजे काय चीज आहे. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून साधारण पाऊण युनिटाहून थोडी कमी उष्णता शोषून घेतं. मोठा डेझर्ट कूलर नवतप्यात, म्हणजे मे सरता-सरताच्या त्या नऊ दिवसांत, तासाला वीसेक लिटर पाणी पितो. म्हणजे तेरा किलोवॅटची गारवा देणारी ताकद, आणि मोटार-पंपाला वीज लागते दोनशे वॅटच्या आसपास. हे नागपुरातच जमतं. बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३ अंशांपर्यंत उतरतो. चांगल्या ताट्यांचा कूलर त्या अंतराचा तीन-चतुर्थांश भाग कापतो, म्हणजे २८-२९ अंशांची हवा. मुंबईकराला हे सांगितलं तर तो थाप समजेल, कारण त्याच्याकडे ओला तापमापक खाली उतरतच नाही.

अट एकच. आत येईल तेवढी हवा बाहेर जायला वाट हवी. माझ्या शेडमधली सगळी हवा कूलर एका मिनिटाच्या आत बदलतो. समोरची खिडकी बंद असेल तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा घुसळत बसतो आणि माणूस चिकचिकतो. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांच्या छतांवर वाऱ्यानं गरगरणारे चकचकीत घुमट दिसतात, ते टर्बो व्हेंटिलेटर. वीज न खाता तापलेली हवा वर ओढतात. लहान शेडला एक पुरतो. माझ्याकडे तो नाही, कूलरच्या समोरच्या भिंतीत वरच्या बाजूला जाळीची खिडकी आहे. बोअरचं पाणी वापरत असाल तर ताट्यांवर पांढरा थर बसतो. टाकी दर आठवड्याला पूर्ण रिकामी करायची. डासांसाठीही.

पण शेड माणसासाठी असलं तरी त्यात माणूस एकटा नसतो, आणि अंगाला जे मानवतं ते पटाशीला मानवत नाही. कूलर समोर ठेवून चार दिवस काम केलं आणि रंध्याच्या पात्यावर तांबूस ठिपके आले. लाकडाचं त्याहून अवघड. मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकूड आपल्यातलं पाणी सोडून आखडतं, श्रावणात पुन्हा पिऊन फुगतं. कूलरसमोर ठेवलेली फळी एका बाजूनं ओलावते आणि पाठ वाकवते. मिस्त्रींनी उपाय सांगितला तो असा: कूलरचा झोत माणसावर, लाकूड आडबाजूला, हत्यारांची पेटी झाकणाची आणि आत तेलाचं फडकं. चिकटवलेला जोड शिकंज्यात असेल तेव्हा कूलर बंद. संध्याकाळी कूलर बंद करून अर्धा तास नुसता पंखा.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. टिन लवकर तापतं तसं लवकर निवतंही. स्लॅबची खोली रात्री दोनपर्यंत वाफा सोडते, म्हणून आपण पूर्वी गच्चीवर पाणी शिंपून गाद्या टाकायचो. टिनाचं शेड आठ वाजता माणसात येतं. ज्यांना फक्त संध्याकाळी दोन तास हातानं काही करायचं आहे त्यांना यातला निम्मा खर्चही लागणार नाही. पांढरा रंग आणि पश्चिमेला वेल, बस्स. दुपारी काम करायचंच असेल तर बाकीचं.

थंडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर साडेतीन अंशांवर उतरलं होतं, पण ते अपवादानं. साधारण थंडीत अडचण माणसाला नाही, फेव्हिकॉलला होते. पहाटेच्या गारठ्यात लावलेला सांधा नीट धरत नाही. दुपारी बारा ते चार चिकटवायचं, झालं. पूर्वी मात्र स्वच्छ आभाळाच्या रात्री उघडं टिन बाहेरच्या हवेपेक्षाही गार व्हायचं, आतून त्याला घाम फुटायचा आणि सकाळी टेबलावर थेंबांची रांग दिसायची. आता छत झाकल्यावर ते बंद झालं. कोळशाची शेगडी आत ठेवू नका. बंद खोलीत तिचा वायू न कळत जीव घेतो, आणि भुसा आहे तो वेगळाच.

परदेशातले शेड बांधण्याचे व्हिडिओ पाहून कामाला लागणाऱ्यांसाठी एक सूचना. ती मंडळी उष्णता आत राखण्यासाठी बांधतात. तिथे घरातली ऊबदार दमट हवा भिंतीत शिरू नये म्हणून प्लास्टिकचा पडदा आतल्या बाजूला लावतात. आपण पावसाळ्यात एसी लावला तर दमट हवा बाहेरून आत यायला बघते, आणि आतल्या त्या प्लास्टिकमागे पाणी साचून बुरशी धरते. पडदा लावायचाच तर बाहेरच्या अंगाला.

मला एसी लागला नाही. नवतप्यातही दुपारी तीनला शेडमध्ये बसून मी ड्रॉवरचं एक लहान कपाट पुरं केलं, डोक्याला पंचा न गुंडाळता. ड्रॉवर इतका नेमका बसला होता की ढकलला की आतली हवा फुस्स करून बाहेर यायची. मिस्त्रींना मुद्दाम बोलावून दाखवला. त्यांनी दोनदा उघडला, मिटला, आणि काहीच बोलले नाहीत.

जूनच्या मध्यात पाऊस आला. बाहेर ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता, म्हणजे ओला तापमापक २९ वर अडकलेला. कूलरनं जेमतेम चार अंश उतरवले आणि शेडचं न्हाणीघर केलं. कूलर झाकून ठेवला. श्रावणात ड्रॉवर अडकला तो अडकलाच. मी रंधा घेऊन बसलो होतो तेवढ्यात मिस्त्री आले आणि त्यांनी रंधा हातातून काढून घेतला. म्हणाले, "आता नका घासू. आता घासाल तर दिवाळीत खुळखुळ वाजंल."

दसऱ्यापासून तो निम्मा उघडतो आहे. आत माझा चष्मा आहे, जुना.